३५ सेंटवाल्या स्पायडर-मॅनला ६१० डॉलर: जास्त गेले का?

प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. डोंबिवलीच्या एका संग्राहकांनी ईबेवरच्या लिलावात ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चा १७१ वा अंक घेतला. मुखपृष्ठावर ३५ सेंट छापलेला, सीजीसीचा (कॉमिकची स्थिती तपासून दहापैकी ग्रेड देणारी आणि अंक प्लॅस्टिकच्या डबीत बंद करणारी अमेरिकन कंपनी) ७.० ग्रेड, किंमत ६१० डॉलर. जिंकल्यानंतर त्यांनी जुने व्यवहार शोधले, तर वर्षभरात त्याच ग्रेडच्या दोन प्रती २४० आणि २७५ डॉलरला गेलेल्या. आता विचारतात की जास्त गेले का? पुढच्या महिन्यात १७० आणि १७२ येताहेत, त्यांच्यासाठी कुठवर जावं? आणि ही प्रत लगेच विकून मोकळं व्हावं का? सोबत त्यांनी बोलींची अख्खी यादी पाठवली, हे फार बरं केलं. नुसत्या शेवटच्या आकड्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

तर हो, जास्त गेले. दुपटीहून जास्त गेले. पण तुम्ही म्हणता तसं ‘भाव माहीत नव्हता म्हणून’ एवढंच कारण नाही. भाव तोंडपाठ असलेली माणसंही याच जागी आपटतात. मी बरीच वर्षं इथे मुंबईत बसून इतरांसाठी अमेरिकेतल्या लिलावांत बोली लावतो, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांची तक्रार हीच असते. सगळ्यांनी जुने भाव पाहिलेले असतात, तरी जास्त देऊन बसलेले असतात.

आधी हा माल काय आहे ते सांगतो. नव्या वाचकांना ३० आणि ३५ सेंटांचा हा खेळ ठाऊक नसतो. १९७६ मध्ये स्पायडर-मॅनची प्रकाशक कंपनी मार्व्हल हिला कॉमिकची किंमत २५ सेंटवरून ३० करायची होती. वाढीव किमतीला गिऱ्हाईक टिकतं का, हे चाचपायला त्यांनी मोजक्या भागांत नव्या किमतीच्या प्रती आधीच पाठवल्या आणि बाकी देशभर २५ चीच चालू ठेवली. मुखपृष्ठावर एप्रिल ते ऑगस्ट १९७६ अशी तारीख असलेले अंक हे. पुढच्याच वर्षी ३० वरून ३५ करताना पुन्हा तोच प्रयोग झाला, जून ते ऑक्टोबर १९७७ च्या अंकांवर. छपाई त्याच वेळची, कागद तोच, गोष्ट तीच, फरक फक्त वरच्या एका आकड्याचा. त्या काळी दुकानात अंक घेणाऱ्या पोराला हे कळायचं काही कारण नव्हतं, म्हणून कुणी मुद्दाम जपलेही नाहीत. संग्राहकांचं लक्ष तिकडे गेलं ते नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. तोवर वीस वर्षं उलटलेली.

स्पायडर-मॅनमध्ये ३० सेंटवाले म्हणजे १५५ ते १५९ आणि ३५ सेंटवाले १६९ ते १७३. एक्स-मेन तेव्हा दोन महिन्यांतून एकदा निघायचं, म्हणून तिथे तीन-तीनच अंक: ९८ ते १०० आणि १०५ ते १०७. सगळ्यांत गाजलेले दोन म्हणजे ‘स्टार वॉर्स’चा पहिला अंक आणि ‘आयर्न फिस्ट’चा १४ वा, ज्यात सेबरटूथ हा खलनायक पहिल्यांदा येतो. हे दोन चांगल्या स्थितीत असतील तर आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर गेलेत, त्यांच्याबद्दल इथे बोलत नाही. तुमचा १७१ मधल्या फळीतला. मार्व्हलच्याच ‘नोव्हा’ या मालिकेच्या १२ व्या अंकात सुरू झालेली गोष्ट याच्यात पुरी होते, एवढंच त्याचं वैशिष्ट्य. मागणी आहे ती स्पायडर-मॅनची मालिका पुरी करणाऱ्यांची आणि ३५ सेंटवाले जमवणाऱ्यांची.

आता तुमची यादी. ईबे बोलीदारांची नावं झाकतं, पण दोन अक्षरं दिसतात, तेवढं पुरतं. एकूण पाच जण. सहा दिवस किंमत रेंगाळत २१० वर आली. शेवटच्या दिवशी तिसऱ्या क्रमांकाचा माणूस २६२ पर्यंत आला आणि थांबला. त्यानंतर तो यादीत कुठेही नाही. शेवटच्या सहा मिनिटांत फक्त तुम्ही आणि झाकलेल्या नावात ‘आर’ दिसणारा तो एक. तुम्ही ३०० टाकलेत, त्याची ३५० आधीच लागलेली. तुम्ही ३७५, तो ४२५. तुम्ही ४६०, तो ५२०. मग तुम्ही ५६०, तो ६००, आणि तुम्ही ६५०. लिलाव संपला. ईबेवर आपण कमाल आकडा टाकतो, भरावं लागतं ते मात्र दुसऱ्याच्या बोलीच्या एक पायरी वर; ५०० च्या वर ती पायरी १० डॉलरची असते, म्हणून ६५० ऐवजी ६१० पडले. हे म्हणजे इरेला पेटणं झालं. दर खेपेला तुमच्या लेखी अंकाची किंमत वाढत होती, आणि कारण एवढंच की समोरचा सोडत नव्हता.

घोडं पेंड खातं ते पुढे. तुम्ही जिंकलात त्या क्षणी या अंकाच्या बाजारातून सगळ्यांत जास्त पैसे द्यायला तयार असलेला माणूस कमी झाला, तो माणूस म्हणजे तुम्ही. उद्या अशीच दुसरी प्रत आली आणि तुम्ही बोली लावली नाहीत, तर काय होईल? ‘आर’ ६०० पर्यंत जायला तयार आहे, पण त्याला जावंच लागणार नाही. त्याच्या खालचा २६२ वर थांबतो. म्हणजे ‘आर’ला ती प्रत त्याच्या एक पायरी वर, २६७ ला मिळेल (५०० च्या खाली पायरी लहान असते). त्याच्याही पदरात पडली की तिसरी प्रत तिसऱ्या माणसाला मिळणार, आणि किंमत ठरवणार चौथा. या लिलावात भाव जिंकणारा ठरवत नाही, हरलेल्यांतला पहिला ठरवतो. जिथे शेकडो गिऱ्हाइकं आहेत तिथे एक माणूस गेल्याने फरक पडत नाही. जिथे वर्षाला दोन-तीन प्रती येतात आणि गंभीर गिऱ्हाइकं चार-पाच, तिथे एक गेला तरी भाव कोसळतो.

यात एक दुरुस्ती करायला हवी, नाहीतर हिशेब फार सोपा वाटेल. २६२ ही तिसऱ्या माणसाची कमाल असेलच असं नाही. एखादा शेवटच्या मिनिटाला ३२० टाकायला बसलेला असतो, किंमत ४०० पाहतो आणि गप्प बसतो. त्याची नोंद कुठेच होत नाही. म्हणून २६२ हा तळ धरा, नेमका भाव नव्हे. पण मागच्या दोन प्रती २४० आणि २७५ ला गेल्यात म्हटल्यावर खरा भाव या तळाच्या फार वर नसावा.

अर्थशास्त्रात याला विजेत्याचा शाप म्हणतात. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या तीन पेट्रोलियम अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांवर लिहिलं, तिथून हा विचार पुढे आला. प्रत्येक कंपनी जमिनीखाली किती तेल आहे याचा अंदाज बांधते, कुणाचा कमी, कुणाचा जास्त, आणि लिलाव जिंकते ती जिचा अंदाज सगळ्यांत फुगलेला असतो ती. कॉमिकमध्ये तेल मोजायचं नसतं, पण ‘पुढे हा कितीला जाईल’ हा अंदाज तर प्रत्येकजण बांधतोच.

आणि आता तुमच्या ६१० चं पुढे काय होतं ते बघा. हा आकडा व्यवहारांच्या नोंदीत गेला. पुढचा विक्रेता १७१ विकायला काढताना हाच दाखवणार. एखादा हुशार खरेदीदार म्हणेल, मी शेवटच्या भावावर जात नाही, सरासरी काढतो. २४०, २७५ आणि ६१० ची सरासरी ३७५. म्हणजे ज्या भावाला एकही प्रत कधी विकली गेलेली नाही, त्याला तो बाजारभाव समजणार आणि ३५० ला मिळाली की स्वस्तात मिळाल्याचा आनंद मानणार. इतक्या कमी व्यवहारांत सरासरी काढूच नये. सगळे आकडे ओळीने मांडावेत आणि प्रत्येकाच्या मागची बोलींची यादी पाहावी. दोघांच्या झुंजीतून आलेला आकडा बाजूला काढावा.

‘आर’ खरा होता का, हेही तपासून घ्या. ईबेच्या यादीत बोलीदारावर क्लिक केलं की गेल्या तीस दिवसांत त्याने याच विक्रेत्याच्या मालावर किती टक्के बोली लावल्या ते दिसतं. तो आकडा शंभराच्या आसपास असेल, बोली मागे घेतल्याच्या नोंदी असतील आणि फीडबॅक नाममात्र असेल, तर विक्रेत्याचाच माणूस असण्याची दाट शंका. तुम्ही पाठवलेल्या चित्रात त्याचा आकडा ९ टक्के दिसतोय आणि फीडबॅक हजाराच्या वर. मला तो खरा संग्राहक वाटतो. तुमच्यासारखाच मालिका पुरी करणारा, आणि बहुधा आज स्वतःवर खूश. पण पुढे कधी लिलाव थोडक्यात हरलात आणि दुसऱ्या दिवशी विक्रेत्याकडून ‘जिंकणाऱ्याने माघार घेतली, तुमच्या कमाल बोलीला देतो’ असा निरोप आला, तर हात आखडता घ्या. कधी ते खरंही असतं. पण वर नेणाराच खोटा असेल, तर तुम्हाला कमाल किमतीला गाठायचा याहून सोपा रस्ता नाही.

दुर्मीळ या शब्दाने बरेच जण घायाळ होतात. ३५ सेंटवाल्यांत सगळ्यांत दुर्मीळ काय म्हणाल, तर स्पायडर-मॅन नव्हेच. ‘किड कोल्ट’, ‘रॉहाइड किड’ असली काउबॉय मासिकं घ्या. मुळात खप कमी, त्यात जुन्याच गोष्टी पुन्हा छापलेल्या, जपून ठेवणारं कुणी नाही. त्यांची ३५ सेंटवाली प्रत वर्षानुवर्षं दिसत नाही. दिसली की तीन-चार जण तुटून पडतात, कारण त्यांची यादी तिच्यावाचून अडलेली असते. त्यातल्या दोघांची यादी पुरी झाली की चौथी प्रत सुरुवातीच्या किमतीलाही उठत नाही. मी हे होताना पाहिलंय. मागणी आणि दुर्मीळपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विकताना गाठ पडते ती मागणीशी.

सीजीसीच्या सेन्ससबद्दलही तुम्ही विचारलंत, ‘फक्त इतक्याच प्रती’ म्हणून. सेन्सस म्हणजे आजवर त्यांच्याकडे ग्रेडिंगला आलेल्या प्रतींची मोजदाद, जगातल्या प्रतींची नव्हे. भाव वाढला की लोक कपाटातले अंक काढून पाठवतात आणि आकडा वाढतो. उलट, एकच प्रत डबीतून काढून जास्त ग्रेडच्या आशेने पुन्हा पाठवली आणि जुनं लेबल परत केलं नाही, तर ती दोनदा मोजली जाते. शिवाय जुन्या काळी स्लॅब झालेल्या, म्हणजे सीजीसीच्या डबीत बंद झालेल्या, काही प्रतींच्या लेबलवर ३५ सेंटचा उल्लेखच नाही, त्या साध्या प्रतींत मोजल्या गेल्यात. म्हणून सेन्सस बघा जरूर, त्याच्यावर पैसे लावू नका.

आता खर्च. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे आपल्याकडे कॉमिक मागवणाऱ्याला नव्याने सांगायला नको, पण बोली लावताना मसाला कुणी मोजत नाही. तुमचे ६१०, वर ३८ डॉलर पाठवणी, झाले ६४८. कार्डावर परकीय चलनाचा मार्कअप (बँकेचा जादा आकार) साडेतीन टक्के असेल तर २२ डॉलर ६८ सेंट, त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ४ च्या वर. झाले ६७५, आणि अजून सीमाशुल्क यायचंय. कुरिअरने आलं तर सहारच्या कार्गोत त्यांची कंपनी कागद भरते आणि तिची स्वतःची फी वेगळी. टपालाने आलं तर बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्ट ऑफिसातून. माल पुस्तक म्हणून लिहिलाय, नियतकालिक म्हणून की संग्राह्य वस्तू म्हणून, यावर दर बदलतो. छापील पुस्तकांच्या आयातीवर २०१९ च्या अर्थसंकल्पात ५ टक्के सीमाशुल्क लागलं होतं, पण प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेलं, सहाशे डॉलरची किंमत लिहिलेलं पुस्तक पाहून अधिकारी ते पुस्तकच मानेल याची खात्री धरू नका. विक्रेत्याला ‘किंमत कमी लिहा, गिफ्ट लिहा’ असं सांगायची आपल्याकडे रीत पडलीय. सांगू नका. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय पार्सल हरवलं तर विमा लिहिलेल्या किमतीचाच मिळतो.

हेरिटेजसारख्या लिलावगृहात बोलीच्या वर बायर्स प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराने लिलावगृहाला द्यायची जादा रक्कम, लागतो, वीस टक्के किंवा थोडा अधिक. तिथले जुने भाव बघताना तो धरलेला आहे का हे पाहा, नाहीतर ईबेच्या भावाशी तुलना चुकते.

तुम्ही ही प्रत आज विकायला काढलीत तर ‘आर’ तिला घेईल, साधारण २६७ ला. त्यातून ईबेची फी तेरा टक्क्यांच्या आसपास, हातात २३२. त्यातून भारतातून अमेरिकेला सुरक्षित पाठवणी. म्हणजे तुमचं नुकसान साडेतीनशेचं नाही, साडेचारशेच्याही वर जातं. म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: विकू नका. तुम्हाला १६९ ते १७३ असा संच करायचाय, प्रत खरी आहे, ग्रेड ठीक आहे. जास्तीचे पैसे गेले ते गेले, विकून परत येणार नाहीत. ‘आर’ला आत्ता थेट निरोप पाठवून ५५० ला घे म्हणायचा विचार तुम्ही लिहिलाय. ईबेवर बोलीदाराला गाठून बाहेर व्यवहार करणं नियमात बसत नाही, आणि लिलावाचा ताप उतरल्यावर तो ५५० देईल हेही कठीण.

१७० आणि १७२ कडे येण्याआधी माल ओळखण्याबद्दल थोडं. तुमची प्रत स्लॅबमध्ये आहे, लेबलवर ३५ सेंट व्हेरिअंट (म्हणजे त्याच अंकाची वेगळ्या किमतीची प्रत) असं लिहिलंय, तो प्रश्न मिटला. पण तुम्ही सुटे, म्हणजे डबीत बंद नसलेले, अंकही बघताय, म्हणून सांगतो. सगळ्यांत जास्त लोक फसतात ते तारखेत. नोव्हेंबर १९७७ पासून पुढे दीड वर्ष मार्व्हलच्या नेहमीच्या अंकांची किंमत ३५ सेंटच होती. ‘स्टार वॉर्स’चा १ ते ४ हा ३५ सेंटवाला व्हेरिअंट असतो, ५ वा नसतो, कारण तो नोव्हेंबरचा आणि सगळेच ३५ चे. तरी पाचव्या-सहाव्या अंकावर ‘रेअर’ लिहून विकणारे आहेत आणि घेणारेही.

‘स्टार वॉर्स’मध्ये दुसरा खड्डा पुनर्मुद्रणांचा. सिनेमा इतका चालला की मार्व्हलने हे अंक पुन्हा पुन्हा छापले, त्यातले काही ३५ सेंटचे. ते हजारोंनी सापडतात. ओळखायचं असं: खऱ्या व्हेरिअंटवर किंमत चौकोनी चौकटीत असते आणि खाली बारकोड असतो. पुनर्मुद्रणावर वरच्या डाव्या कोपऱ्यात किंवा आतल्या पानावर ‘रिप्रिंट’ असं छापलेलं असतं, नाहीतर किंमत आणि क्रमांक हिऱ्याच्या आकाराच्या चौकटीत असतात आणि मुखपृष्ठावर तारीख-बारकोड नसतो. मागच्या पावसाळ्यात दादरला एक गृहस्थ असा अंक घेऊन माझ्याकडे आले होते. प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळलेला, बँकेच्या लॉकरमधून काढलेला. किंमत हिऱ्यात होती. मी काही बोलायच्या आधी त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं.

सुट्या प्रतीत किंमतच बदलण्याचा उद्योगही होतो, ० चा ५ करणं. दहापट भिंग लावून पाहायचं. त्या काळच्या छपाईत रंगीत भाग ठिपक्यांचा बनलेला असतो आणि काळा आकडा कागदात मुरलेला दिसतो. वरून शाई लावलेली असेल तर ती ठिपक्यांवर बसते, तिरप्या उजेडात चमक वेगळी येते. दुसऱ्या कागदाचा तुकडा चिकटवला असेल तर कडा नखाला लागते. फोटोवरून यातलं काहीही कळत नाही. म्हणून शंभर डॉलरच्या वरचा सुटा व्हेरिअंट परदेशातून मागवू नये, हे माझं मत. परत पाठवण्याचा खर्चच कंबर मोडतो. स्लॅबही डोळे झाकून घ्यायचा नसतो. २०२३ च्या शेवटी डब्या उघडून आतले अंक बदलल्याची प्रकरणं बाहेर आली, तेव्हापासून मी सीजीसीच्या साइटवरचा त्या क्रमांकाचा फोटो आणि लिलावातला फोटो शेजारी ठेवून कडांचे डाग जुळवतो. फोटो उपलब्ध असेल तर पाच मिनिटांचं काम आहे.

ब्रिटिश पेन्सच्या आणि कॅनडाच्या किमतीच्या प्रती हा वेगळा विषय. पेन्सवाल्या प्रती अमेरिकेतच, त्याच वेळी, ब्रिटनसाठी छापलेल्या. कॅनडाच्या म्हणजे १९८२ च्या ऑक्टोबरपासून काही वर्षं ६० च्या जागी ७५ सेंट छापलेल्या. त्या ३५ सेंटवाल्यांइतक्या दुर्मीळ नाहीत, पण साध्या प्रतीहून कमी. तिथे घाई करायचं काहीच कारण नसतं, एक गेली तर दुसरी येते. आणि रुपयांत किंमत छापलेल्या, भारतात निघालेल्या आवृत्त्या ‘इंडियन व्हेरिअंट’ म्हणून परदेशी डॉलरमध्ये विकल्या जाताना दिसल्या तर हसून सोडून द्या. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला जुन्या पुस्तकांच्या ठेल्यांवर एखादा शनिवार घालवलात तर चार मिळतील.

आता आकडा. लिलाव सुरू होण्यापूर्वी कागदावर लिहायचा, आणि तो मुंबईत घरी पोचल्यावरचा हवा. १७० मध्ये विशेष काही नाही, तेव्हा १७१ च्या दोन जुन्या भावांवरच जा. १७२ मध्ये रॉकेट रेसर हे पात्र पहिल्यांदा येतं, त्याला थोडं अधिक. ७.० च्या आसपासच्या ग्रेडला सगळं धरून ३०० डॉलर ही तुमची मर्यादा समजू. कार्डाचे चार टक्क्यांच्या किंचित वर आणि ३८ ची पाठवणी वजा केली की उरतात २५०. सीमाशुल्काला वाव ठेवा, म्हणजे बोली २२० च्या आसपास. २२० लिहू नका, २२३ डॉलर ३७ सेंट असं काहीतरी लिहा. गोल आकड्यावर थांबणारे फार असतात. २०२१ चे भाव हिशेबात घेऊ नका, त्या वर्षी सगळंच वेड्यासारखं वर गेलं होतं आणि पुढे खाली आलं.

ईबेवर ही बोली एकदाच, शेवटच्या दहा सेकंदांत. आपल्या पहाटे तीन-चारला लिलाव संपतो, जागायची इच्छा नसेल तर बोली लावून देणाऱ्या सेवा आहेत, नाहीतर सरळ रात्री झोपताना कमाल आकडा टाका आणि फोन बंद करा. शेवटी टाकण्यात चलाखी काही नाही. फायदा एवढाच की ‘आर’ला तुमच्यामुळे पेटायला वेळ मिळत नाही, आणि तुम्हाला त्याच्यामुळे. काही लिलावगृहांत शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते, तिथे हा उपाय चालत नाही. तिथे कागदावरचा आकडाच कामाचा.

हरण्याची तयारी ठेवा. १७० आणि १७२ दोन्हींसाठी ‘आर’ येणार, तो ६०० पर्यंत जाणारा गडी आहे. त्याला जिंकू द्या. त्याची भूक भागली की पुढच्या प्रतीला तुमच्याशी भिडायला तो २६२ वाला आणि त्याच्या खालचेच उरतील. वर्ष लागेल कदाचित.

हाच प्रकार आपल्या मराठी इंद्रजाल कॉमिक्सच्या व्हॉट्सॲप लिलावांत रोज चालतो, म्हणून दोन शब्द. इंद्रजाल १९६४ ते १९९०, वेताळ आणि मँड्रेकचे सुरुवातीचे मराठी अंक इंग्रजीपेक्षा कमी दिसतात हे खरं. पण ग्रुपमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात, कोण कुणाच्या वर गेलं हे दोनशे जण बघत असतात, आणि माघार घेणं म्हणजे नाक कापल्यासारखं वाटतं. तिथे झाकलेली कमाल बोली नसते, त्यामुळे जिंकणारा स्वतःचा अख्खा आकडा भरतो. ग्रुपच्या ॲडमिनला बंद पाकिटासारखी बोली घ्यायला सांगा, खासगी निरोपाने, एका वेळेपर्यंत. बरेच ॲडमिन ऐकत नाहीत, कारण भाव कमी येतो.

१७१ घरी आला की पावसाळ्याआधी त्याची सोय करा. स्लॅब हवाबंद असतो, हा गैरसमज आपल्याकडे फार आहे. तो तसा नसतो. जुलैतली आपली हवा आत शिरते, पिना गंजतात, कागदावर तपकिरी ठिपके येतात. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेलची पाकिटं, निळ्याची गुलाबी झाली की बदलायची. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको. सुट्या अंकांना कसर लागते, स्लॅबला सहसा नाही, पण त्याच डब्यात दोन्ही ठेवू नका.

जाता जाता, १७२ ची लिंक उघडून पाहिली. समोरचा एकच फोटो आहे, मागचा नाही, आणि लेबलवरचा क्रमांक उजेडाच्या तिरिपीत वाचता येत नाही. विक्रेत्याला आजच लिहा, मागची बाजू आणि क्रमांक स्पष्ट दिसेल असे दोन फोटो मागा. आठवड्यात आले नाहीत तर तो लिलाव सोडा.